सीटी स्कॅनची सीडीही बरोबर न्या

पालघर, बोईसर भागातील रुग्णाला मुंबईस न्यावयाचे ठरले की नातेवाईक सीटी स्कॅनची मोठी काळी फिल्म पिशवीत घालून गाडी गाठतात. सीडी मात्र घरी कपाटातच राहते. फिल्म आणि सीडी यांत एकच चित्र असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही.

सीटी स्कॅनचे यंत्र मुळात आकडे मोजते. शरीरातील प्रत्येक लहानशा ठिकाणी क्ष-किरण किती अडले, त्याचा हा आकडा असतो. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, मेंदू साधारण ३० ते ४०, गोठलेले ताजे रक्त ५० ते ८० आणि कठीण हाड १००० किंवा त्याहूनही वर असते.

आता अडचण अशी, की आकडे काही हजार आणि संगणकाचा साधा पडदा करड्या रंगाच्या फक्त २५६ छटा दाखवणारा. म्हणून डॉक्टर आकड्यांचा एक पट्टा निवडतात. पट्ट्याखालचे सारे काळे, वरचे सारे पांढरे. यालाच 'विंडो' म्हणतात.

बोईसर-तारापूर रस्त्यावर मोटारसायकल घसरून एखाद्याच्या डोक्यास मार लागला असे समजा. मेंदू पाहण्यासाठी ० ते ८० असा अरुंद पट्टा लावतात. त्यात कवटी पांढरीफेक दिसते, आणि तिला चिकटून साचलेला रक्ताचा पातळ थर त्या पांढऱ्यातच मिसळून जाऊ शकतो. पट्टा २०० च्या आसपास रुंद केला की तोच थर वेगळा दिसू लागतो. कवटीची बारीक चीर पाहायची तर पट्टा सुमारे २००० इतका रुंद लागतो. स्कॅन तोच असतो, बदलते ती फक्त दाखवण्याची रीत.

फिल्मवर ही विंडो कायमची गोठलेली असते. तिचा मोबाईलवर काढलेला फोटो तर त्याहूनही उणा. बहुतेकदा त्यात ट्यूबलाईटच अधिक स्पष्ट दिसते! सीडीवर मात्र सामान्यतः मूळ आकडे असतात. या फायलींना 'डायकॉम' म्हणतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे स्वतः करून पाहता येईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी तयार केलेला 'इमेजजे' हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. त्याला 'प्लगइन' नावाचा छोटा जोडप्रोग्रॅम लावता येतो. पट्ट्याची खालची व वरची मर्यादा त्यात लिहून ठेवली की फुप्फुस, हाड, मेंदू अशी दृश्ये एका आज्ञेसरशी बदलतात. मूळ आकड्यांना धक्का लागत नाही. मात्र 'अप्लाय'चे बटण दाबले तर आकडेच बदलतात, म्हणून प्रयोग नेहमी फायलीच्या प्रतीवर करावा. हा प्रोग्रॅम संशोधनासाठी आहे; घरी बसून निदान करण्यासाठी नव्हे.

सीडी जवळ नसल्यास कधी कधी स्कॅन पुन्हा करावा लागतो, म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा क्ष-किरण. हल्लीच्या अनेक लॅपटॉपना सीडी लावण्याची सोयच नसते. तेव्हा तपासणी केंद्रात डायकॉम फायली पेनड्राइव्हवरही मागून घ्याव्यात, आणि जुना स्कॅन असेल तर तोही त्याच्या अहवालासह बरोबर न्यावा.