बिल क्रमांक १४७ : एका साध्या आकड्याची करामत

घाटकोपरच्या गाड्यांच्या पाटीवर बहुधा ‘एमएच ०३’ दिसते. हा वडाळ्याच्या आरटीओचा, म्हणजे मुंबई पूर्व कार्यालयाचा क्रमांक. पुढे इंग्रजी अक्षरे, आणि शेवटी ०००१ ते ९९९९ मधला एक आकडा. ९९९९ भरले की अक्षर एक घर पुढे सरकते आणि आकडा पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. आय आणि ओ ही अक्षरे वगळतात, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. उरलेल्या २४ अक्षरांच्या जोड्या लावल्या तर एकट्या वडाळ्याला ५७ लाखांहून अधिक गाड्यांना वेगवेगळे क्रमांक देता येतील!

पण या क्रमांकावरून गाडी कितवी, हे कळत नाही. जादा शुल्क भरून पसंतीचा क्रमांक घेता येतो, त्यामुळे मधले आकडे पुढेमागे होतात. पाटीचे काम गाडी ओळखण्याचे, आणि ते ती चोख करते.

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानदाराला एवढ्यावर भागवता येत नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक ओळीने वाढणारा हवा, जास्तीत जास्त १६ चिन्हांचा हवा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच त्यात चालते. तीन अक्षरांची खूण, तिरकी रेघ, २५-२६, पुन्हा तिरकी रेघ आणि ००१४७ अशी मांडणी केली तर १५ चिन्हांत काम होते. सुरुवातीची शून्ये शोभेची नाहीत. असा क्रमांक संगणकाच्या लेखी मजकूर असतो, आणि मजकूर म्हणून लावला की १० हा २ च्या आधी येतो.

हे काम संगणकावर सोपे असेल असे वाटते. नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये आपोआप वाढणारा आकडा पहिल्यापासून आहे. आधी त्याला ‘काउंटर’ म्हणत, पुढे ‘ऑटोनंबर’. तो २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत जातो, म्हणजे दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालले तरी संपायचा नाही. खोट वेगळीच आहे. नवी नोंद भरायला घेतली की आकडा खर्ची पडतो. गिऱ्हाईकाचे मन बदलले, नोंद अर्ध्यावर सोडली, तरी तो परत येत नाही. १४६ नंतर थेट १४८! आतल्या जोडकामाला हा आकडा उत्तम, पण बिलावर छापायला कुचकामी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग बरेच जण दुसरी वाट धरतात : आतापर्यंतचा सर्वांत मोठा क्रमांक शोधायचा आणि त्यात एक मिळवायचा. एका संगणकावर हे ठीक चालते. दिवाळीच्या गर्दीत दोन गल्ल्यांवर दोन संगणक असले, की दोघेही एकाच क्षणी १४६ वाचतात आणि दोघेही १४७ छापतात. यावरचा तोडगा असा : शेवटचा क्रमांक एका वेगळ्या तक्त्यात, एकाच ओळीत ठेवायचा. बिल जतन होतानाच ती ओळ कुलूपबंद करायची, आकडा एकाने वाढवायचा, बिल लिहायचे आणि कुलूप काढायचे. दुसऱ्या गल्ल्याला तेवढा क्षणभर थांबावे लागते. शिवाय क्रमांकाच्या रकान्यावर ‘दुबार नको’ असे बंधन घालायचे, म्हणजे चूक झालीच तरी संगणक नोंद घेणार नाही. १ एप्रिलला नव्या वर्षाची नवी ओळ घातली की क्रम पुन्हा एकपासून.

गृहनिर्माण सोसायटीच्या भाग दाखल्याची रीत याहून निराळी. पंतनगरमधली खोली विकली गेली, तरी दाखल्याचा क्रमांक बदलत नाही. नव्या सभासदाचे नाव मागच्या बाजूला चढते. ‘आय’ नमुन्याच्या सभासद नोंदवहीतही त्याची नोंद होते. क्रमांक भागांचा, माणसाचा नव्हे.

दुकानदारांना एवढेच सांगणे : चुकलेले बिल संगणकातून पुसू नका. त्यावर ‘रद्द’ असा शेरा ठेवा. जीएसटीआर-१ च्या १३व्या तक्त्यात पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक आणि त्यांपैकी रद्द किती, हे सगळे विचारलेले असते.