मोटारगाडीतील इंधन-पंपाचा आवाज

भाजीपाला बाजारास नेणाऱ्या लहान पेट्रोल गाड्यांविषयी एक तक्रार वारंवार कानी येते. गाडी चालू असता मागील बाजूने, टाकीच्या अंगाने, एकसारखा घूं-घूं असा आवाज येतो. हा आवाज इंधन-पंपाचा होय. माल भरलेली गाडी पहाटे घाटात बंद पडली तर त्या दिवसाचा बाजार बुडतो. म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. मात्र आवाज ऐकताच नवा पंप बसविण्याची घाईही करू नये.

जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत पंप बहुधा एंजिनावर बसविलेला असे. हल्लीच्या गाड्यांत तो विजेवर चालतो व टाकीतच बुडालेला असतो. त्याच्या मोटारीस थंडावा आणि वंगण ही दोन्ही पेट्रोलपासूनच मिळतात. चावी फिरविताच दोन-तीन सेकंद मंद गुणगुण ऐकू येणे हे स्वाभाविक आहे. परंतु टाकी तळास गेली, उन्हाने तापली, की पंप पेट्रोलबरोबर हवा व वाफ ओढू लागतो आणि आवाज चढतो.

याकरिता प्रथम टाकी निम्मी भरून पाहावी. आवाज बसला, तर दोष पंपाचा नसून मालकाच्या सवयीचा समजावा. त्यानंतर एंजिन बंद करून टाकीचे झाकण उघडावे. हवा जोराने आत शिरल्याचा आवाज आल्यास टाकीचा हवेचा मार्ग तुंबला आहे असे जाणावे.

चढावर आवाज वाढून गाडीची ओढ कमी होत असेल, तर गाळणी तुंबल्याचा संशय घ्यावा. गंजक्या डब्यांतून आणलेले पेट्रोल याचे एक मोठे कारण आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते, व पाणी फार झाल्यास ते इथेनॉलसह तळाशी बसते. पंपाचे तोंडही तेथेच असते! गाळणी बदलण्याचे काम कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण नळीतील पेट्रोल दर चौरस सेंटिमीटरला साधारणतः ३ ते ४ किलो दाबाखाली असते आणि सांडलेले पेट्रोल एका ठिणगीने पेटते.

आवाज खडखडाटाचा असल्यास पंपाखालचे रबर किंवा पत्र्यास घासणारी नळी तपासावी. तो कमीजास्त होत असल्यास विजेच्या तारांचे सांधे पाहावेत. एवढे करूनही आवाज राहिला व गाडी सुरू होण्यास वेळ लागू लागला, तर पंप झिजला असण्याचा संभव असतो. दाब मोजून खात्री झाल्यावरच तो बदलावा, व टाकी धुऊन पंपाच्या तोंडाची जाळीही त्याच वेळी नवी घालावी.