एकाच घराची अनेक वर्षे

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात दोन द्राक्षबागा एकमेकींस लागून आहेत, अशी कल्पना करावी. एका बागाईतदाराने ठिबक सिंचन बसविले आहे. दुसरा अद्याप पाटाने पाणी देतो. पहिल्यास एकरी ९० क्विंटल द्राक्षे येतात, दुसऱ्यास ६६. तेव्हा हे २४ क्विंटल ठिबकाचेच, असा निर्णय देण्यास कोणीही चटकन् प्रवृत्त होईल. परंतु बागेची माहिती असलेला मनुष्य क्षणभर थांबेल. ज्याने ठिबक आधी बसविले, तो मुळातच अधिक दक्ष नसेल कशावरून? त्याची जमीन कसदार असेल, घरी भांडवल असेल, छाटणीचा दिवस न चुकविण्याची त्याची शिस्त असेल. मग हे यश नळीचे म्हणावयाचे, की माणसाचे?

हा प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीचा नव्हे. अशाच निष्कर्षांवर अनुदाने ठरतात, कर्जे दिली जातात, आणि निष्कर्ष चुकला तर त्याचे व्याज लहान शेतकऱ्यास भरावे लागते.

एकदाच केलेली पाहणी ही छायाचित्रासारखी असते. तीत मनुष्याचा अंगचा गुण आणि त्याने वापरलेले साधन ही एकमेकांत मिसळून जातात. ती निराळी करावयाची तर त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे जावे लागते. अशा रीतीने जमविलेल्या माहितीस अर्थशास्त्रात ‘पॅनेल’ म्हणतात. वरील उदाहरणातच समजा, की ठिबक येण्यापूर्वी पहिल्याचे उत्पन्न ८० क्विंटल होते आणि दुसऱ्याचे ६०. आता पहिल्याची तुलना त्याच्या स्वतःशीच केली, तर वाढ १० क्विंटलच दिसते. त्याच काळात ठिबक नसताही दुसऱ्याचे उत्पन्न ६ क्विंटलने वाढले. ती हवापाण्याची कृपा. ती वजा जाता ठिबकाच्या वाट्यास ४ क्विंटल उरतात. कोठे २४ आणि कोठे ४!

यातील मर्म असे, की जमिनीचा कस अथवा मालकाची हुशारी कोणासही मोजता आली नाही तरी चालते. ती वर्षानुवर्षे तशीच राहते, म्हणून वजाबाकीत आपोआप नाहीशी होते. यायर मुंडलाक यांनी १९६१ मध्ये इस्रायलमधील कौटुंबिक शेतांच्या बाबतीत हीच युक्ती योजून शेतकऱ्याच्या न दिसणाऱ्या कौशल्याचा प्रभाव दूर केला. ह्या रीतीस ‘स्थिर परिणामां’ची रीत म्हणतात. दुसरी रीत अंगचे भेद यदृच्छेने पडलेले मानते. तिचे अनुमान अधिक नेमके येते, परंतु ते भेद साधनाच्या निवडीशी निगडित नसतील तरच ती विश्वासार्ह. दोहोंपैकी कोणती घ्यावी, हे पारखण्याची कसोटी जेरी हाउसमन यांनी १९७८ मध्ये दिली.

ह्या शास्त्रास महाराष्ट्रातील खेड्यांनी मोठे साहाय्य केले आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ मध्ये सहा गावांची पाहणी आरंभिली. त्यांतील चार महाराष्ट्रातील होती : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोला जिल्ह्यातील कांझरा व किनखेडा. प्रत्येक गावी ४० कुटुंबे निवडली; १० भूमिहीन मजुरांची, ३० शेतकऱ्यांची. पाहणी करणारे गावातच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी घरोघर जाऊन मजुरी, पीक, कर्ज व खर्च टिपून घेत.

शिरापूर, कांझरा आणि आज तेलंगणात असलेले औरेपल्ले यांच्या वह्यांवरून रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये एक मार्मिक प्रश्न सोडविण्याचा यत्न केला. एका घराचे पीक बुडाले, अथवा कर्ता आजारी पडला, तर त्या घरचे जेवणखाण कितपत घटते? त्यांस आढळले, की घराचा खर्च बव्हंशी साऱ्या गावाच्या खर्चाबरोबर चढतो-उतरतो. स्वतःच्या आपत्तीचा परिणाम त्या मानाने अल्पच. उसनवार, साठवण, सोयरेधायरे यांचा आधार घरास सावरतो, असा याचा अर्थ. मात्र तीनपैकी एका गावात भूमिहीनांस हा आधार कमी होता.

पुढे १९९७ मध्ये मार्टिन रॅव्हॅलियन व शुभम चौधुरी यांनी खर्च मोजण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. मोजमापाची रीत बदलताच परस्पर-आधार पूर्ण असल्याचे मत बरेच दुबळे ठरले. गाव आपल्या गरिबांस सांभाळून घेते असे धरून सरकारने हात आखडता घ्यावा काय, हा प्रश्न ह्या वादात गुंतला आहे, हे श्रोत्यांच्या ध्यानी येईल.

तेव्हा ही रीत म्हणजे सर्वरोगहर मात्रा नव्हे. जे बदलत नाही तेवढेच ती वजा करते. ठिबकाबरोबर त्याच वर्षी नवी जातही लावली असेल, तर श्रेय पुन्हा एकत्र होते. उत्तरांतील लहान चुका वजाबाकीत मोठ्या होतात. शिवाय दुष्काळाने गाव सोडून गेलेले कुटुंब वहीतूनही जाते, आणि ज्यास सर्वाधिक सोसावे लागले त्याचीच नोंद राहत नाही. म्हणून शेवटी सूत्राइतकेच महत्त्व त्या माणसास आहे, जो दर महिन्यास त्याच उंबरठ्यावर जातो आणि दार बंद दिसले, तर घरची माणसे कोठे गेली याची चौकशी करतो.