पुण्याच्या मिळकतकराचं गणित

पुण्यात घराचा कर ठरतो तो घराच्या बाजारभावावर नव्हे. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं यावं, याचा महापालिका अंदाज बांधते आणि त्यावर कर लावते. मालक स्वतःच त्या घरात राहत असला, तरी कागदावर ते भाड्याचंच घर असतं. पुण्याचा मिळकतकर समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

नवी इमारत उभी राहिली की पेठ निरीक्षक मोजमाप घेतो. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर निवासी की बिगरनिवासी, हे सारं नोंदलं जातं. त्या भागाच्या दराने वार्षिक भाडं काढतात आणि त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. उरतं ते वार्षिक करयोग्य मूल्य. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन कर, वृक्षकर अशा बिलावरच्या साऱ्या ओळी या एका आकड्यावरून निघतात. त्यातला शिक्षणकर राज्य सरकारचा. महापालिका तो फक्त गोळा करून देते.

मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात आणखी एक वजावट मिळते, वार्षिक भाड्यात ४० टक्क्यांची. समजा, भाडं ६०,००० रुपये धरलं. सवलत नसेल तर करयोग्य मूल्य ५४,००० होतं, सवलत असेल तर ३२,४००. त्याच भिंती आणि तेच छप्पर, पण सवलत नसेल तर करयोग्य मूल्य दीडपटीहून जास्त होतं. म्हणून बिल हाती आलं की देय रकमेआधी करयोग्य मूल्याची ओळ वाचावी.

ही सवलत १९७० पासूनची. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती काढली आणि बऱ्याच आंदोलनांनंतर २०२३ मध्ये परत दिली. पण मधल्या काळात ज्यांची नव्याने आकारणी झाली किंवा सर्वेक्षणात ज्यांची सवलत गेली, त्यांना ती आपोआप मिळाली नाही. पीटी-३ अर्ज भरा, सोसायटीचं पत्र आणा, इथेच राहतो याचा पुरावा जोडा, असं त्यांना सांगण्यात आलं. मला हे पटत नाही. सवलत काढताना घरमालकाला कुठे जावं लागलं नव्हतं. ती परत देताना मात्र म्हाताऱ्या माणसांना क्षेत्रीय कार्यालयात रांगा लावाव्या लागल्या. सवलत चुकीच्या माणसाला मिळू नये हे खरं, पण ती तपासणी महापालिकेनेच पुरी करायला हवी होती.

दुसरी खंत जुनी आणि अधिक खोल आहे. दर ज्या साली आकारणी झाली त्या सालचा धरतात. त्यामुळे एकाच रस्त्यावर, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या जुन्या फ्लॅटला थोडा कर आणि नव्याला कितीतरी जास्त. कचरा दोघांचाही एकच गाडी नेते. अशीच दरी मुंबईतही होती: भाडेनियंत्रणामुळे जुन्या चाळी-इमारतींचं भाडं गोठलं आणि त्याबरोबर करही गोठला. तिथे २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर, कर आला. त्याच्या काही नियमांवर न्यायालयात वाद झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्दबातल ठरवले. म्हणजे भांडवली मूल्य हाही सोपा रस्ता नाही. तरी पुण्यात जुन्या-नव्यातली दरी हळूहळू, ठरावीक वर्षांत बुजवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. आजचा भार नवं घर घेऊन कर्जाचे हप्ते भरणाऱ्यांवर पडतो.

घरमालकाच्या हातात काय उरतं? आकारणीची विशेष नोटीस येते, तेव्हा हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. त्या दिवसांत क्षेत्रफळ स्वतः मोजून पाहावं. करारनाम्यातलं कार्पेट आणि नोटिशीतलं क्षेत्रफळ जुळत नसेल, किंवा वापर चुकीचा लावला असेल, तर लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. सुनावणीला हजर राहून कागद दाखवावेत. नोटीस कपाटात गेली आणि मुदत टळली, की पुढचं अवघड होतं, कारण न्यायालयात अपील करायचं तर आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागितलेली रक्कमही भरावी लागते. शिवाय थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, त्यामुळे वाद चालू असतानाही कर भरत राहणंच शहाणपणाचं.

आणि महापालिकेच्या आकारणी पुस्तकात नाव लागलं म्हणून घर आपलं ठरत नाही. मालकी ठरते ती नोंदणीकृत दस्तावरून. ते पुस्तक फक्त कर कुणाकडून घ्यायचा हे सांगतं. घर विकलं किंवा वारसांकडे गेलं की तिथलं नाव मात्र वेळीच बदलून घ्यावं, नाहीतर बिलं आणि नोटिसा जुन्या नावाने निघत राहतात.