अकरा लाख टन पूड आणि एक नॅनोसेकंद

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणात तुडुंब भरल्यावर ११४६ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत उतरून याच पाण्यात मिसळतं, हे भंडाऱ्यात कुणाला नव्याने सांगायला नको. त्याबरोबर ई. कोलायसारखे जिवाणूही येतात. खायला भरपूर आणि हवी तशी ऊब मिळाली, तर हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी एक असेल, तर दहा तासांनी शंभर कोटींवर.

उन्हाच्या जोरावर त्याला मारणारी एक पूड आहे. टिटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच, फक्त कण पंचवीसेक नॅनोमीटरचे. सहा मिलिमीटर लांबीच्या तांदळाच्या दाण्यावर असे २ लाख ४० हजार कण ओळीने बसतील. एका ग्रॅममध्ये कण किती? तिनावर सोळा शून्यं! त्या सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून ५० चौरस मीटर भरतो.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी या पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन केल्याचं प्रसिद्ध केलं. १९८५ मध्ये तदाशी मात्सुनागा यांच्या चमूने त्याच युक्तीने जिवाणू मारले. अतिनील प्रकाशकण आदळला की इलेक्ट्रॉन जागचा उडतो, मागे उरलेली पोकळी पाण्याच्या रेणूतून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करते आणि ते जिवाणूच्या आवरणावर तुटून पडतं. दारूगोळ्याची ददात नाही. भर दुपारच्या उन्हात एकेका जिवाणूवर सेकंदाला दहाएक कोटी अतिनील प्रकाशकण पडतात.

गोची पुढेच आहे. हे रॅडिकल जगतं जेमतेम एक नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फूटभरच जातो. रॅडिकल तर काही नॅनोमीटर सरकून संपतं. जिवाणूचं नुसतं बाहेरचं आवरणच सात-आठ नॅनोमीटर जाड! म्हणजे कण त्याच्या अंगाला चिकटलेला हवा आणि वार पुन्हा पुन्हा व्हायला हवेत.

प्रयोगशाळेत लिटरला ग्रॅमभर पूड घालतात. तोच हिशेब गोसीखुर्दला लावला तर ११ लाख ४६ हजार टन पूड लागेल. दहा टनी ट्रक धरले तर लाखाच्या वर फेऱ्या. शिवाय गढूळ पाण्यात अतिनील किरण खोल जात नाहीत आणि सगळी पूड परत गाळून काढायची ती वेगळीच. नागपुरातच सांडपाणी शुद्ध करणं याहून कितीतरी स्वस्त.

म्हणून पूड पाण्यात कालवण्यापेक्षा काचेवर बसवण्याकडे कल आहे. चौरस मीटरभर काचेला एक मायक्रॉनचा थर द्यायला चारच ग्रॅम लागतात. मग पाणी तिच्यावरून पातळ धारेने न्यायचं, तेही दिवसाउजेडी.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांना मात्र जिवाणू मारायला ऊन लागत नाही. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठाच्या रॉब रीड यांनी पितळी भांड्यात दूषित पाणी ठेवून पाहिलं. त्यातले ई. कोलाय पितळेतल्या तांब्याच्या आयनांनी ४८ तासांत संपवले होते.