रानाचा शौक महाग, शिलाईला काम

हरणाच्या शिकारीचा शौक एके काळी बंदूक व परवाना परवडणाऱ्यांचा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला आळा बसला, हे चांगलेच झाले. रानात हिंडण्याची हौस मात्र उरली. तीही आता स्वस्त नाही.

रविवारी पहाटे टिटवाळ्यावरून जाणाऱ्या कसारा लोकलमध्ये आसनगावला उतरून माहुली गड चढणारी मुले दिसतात. तिकिटापेक्षा सॅक, बूट, रेनकोट यांचाच खर्च मोठा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर व पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के.

आम्ही कापडवाले, आम्हाला यात रोजी दिसते. शिवण उसवली, चेन बिघडली, पट्टा तुटला की सॅक टाकून दिली जाते. ही दुरुस्ती आपल्या शिलाई कारागिरांना सहज जमेल. मात्र सुती दोरा वापरू नये, तो पावसात कुजतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा, सुई जाड लावावी, रेनकोटच्या शिवणीवर आतून टेप बसवावी.

फिजूलखर्ची आपल्या दीनला नापसंत आहे. वस्तू टिकवून देणारा कारागीर ग्राहकाचे पैसे वाचवतो आणि स्वतः हलालचे दोन पैसे कमावतो.