भाताच्या पेशीचा पहारा

मनुष्याच्या शरीरांत रोगजंतू शिरले म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात. वनस्पतीजवळ रक्त नाहीं व अशी फिरती सेनाही नाहीं. तिच्या प्रत्येक पेशीला आपला पहारा आपणच करावा लागतो.

भातावरील कडा-करपा या रोगाचें उदाहरण घ्यावें. हा रोग जपानांतील शेतकऱ्यांच्या दृष्टीस १८८४ सालीं पडला. महाराष्ट्रांत तो १९५१ सालीं दिसला. पहाटे भाताच्या पात्याच्या कडेवर जे थेंब दिसतात, त्यांना पुष्कळ लोक दंव समजतात. पण त्यांतील बरेचसे पात्याच्याच सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले असतात. याच छिद्रांतून झँथोमोनस नांवाचा जीवाणू आंत शिरतो व पाणी वाहणाऱ्या नलिकांत वाढतो. मग पातें कडेपासून पिवळें पडून वाळत जातें.

पेशीच्या पातळ आवरणांत कांहीं प्रथिनें अशीं बसलेलीं असतात कीं, त्यांचें एक टोंक बाहेर व दुसरें आंत असतें. बाहेरच्या टोंकाला जीवाणूची खूण लागली कीं आंतील टोंक जागें होतें. तें दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवितें, तें पुढच्याला, आणि असा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोंचतो. दरम्यान पेशींत कॅल्शियम शिरतें, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतें, व केंद्रांतील निजलेलीं जनुकें जागीं होऊन संरक्षक द्रव्यें बनूं लागतात. गांवांत चोर शिरल्यावर एका घराची हांक दुसऱ्यानें उचलावी, तसाच हा प्रकार.

१९९५ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनीं असा एक पहारेकरी ओळखला. त्याचें जनुक, एक्सए-२१, मूळचें आफ्रिकेंतील माली देशाच्या रानटी भातांतलें. परंतु तो कोणती खूण ओळखतो, हें कोडेंच राहिलें. २००९ सालीं उत्तर जाहीर झालें. पुढें त्याच प्रयोगशाळेला जीवाणूच्या एका नमुन्यावरील नांव चुकल्याचें आढळलें, आणि २०१३ सालीं तो निबंध तिनें स्वतःच मागें घेतला. हें धैर्य लहान नव्हे. २०१५ सालीं खरी खूण सांपडली : रॅक्सएक्स नांवाचें एक लहानसें प्रथिन. त्यावर सल्फेटाचा शिक्का असेल तरच पहारेकरी जागा होतो. शिक्का टाकून दिलेला जीवाणू त्याच्यासमोरून निर्धास्त निघून जातो.

अर्थात् एकाच पहारेकऱ्यावर भिस्त ठेवणें धोक्याचें. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं पुढें आलेल्या ‘सुधारित सांबा मसूरी’ या वाणांत एक्सए-२१ बरोबर आणखी दोन जनुकें संकरानें आणलीं. त्यांतील एकाची रीत निराळी आहे : तेथें हांक मारली जात नाहीं, जीवाणू पेशीकडून साखर काढून घेण्याची जी युक्ति योजतो, तीच साधत नाहीं.